एक घंटी

समता कॉलनी, रायपूर
१४ जानेवारी २०२५

उदय,

गच्चीवरचा मोबाईल टॉवर आपल्याला कितीला पडला, ते आज मांडून बघितलं. भाड्याचं सोड, ते आलं तसं गेलं. गच्ची गेली, पूर्ण अठरा वर्षं. शांताला वड्या वाळवायला समोरच्या फाटकापाशी खाट टाकावी लागायची आणि काठी घेऊन कुत्र्यांची राखण करत बसावं लागायचं. पाण्याची टाकी जिन्यावर सरकवली, तेव्हापासून वरच्या नळाला करंगळीएवढी धार. बाजूचे साहूजी बोलायचे बंद झाले. त्यांचं म्हणणं, टॉवर तुमच्या डोक्यावर आणि लहरी आमच्या डोक्यात. आणि एक भाऊ. तुला शेवटी धरलं म्हणून राग मानू नको. दुकानदार माणूस, सगळ्यात भारी वस्तू शेवटीच काढून दाखवतो.

आता काम सांगतो, उगाच पत्र लिहिलं असं वाटायला नको.

टॉवरवर फाइव्ह-जीच्या पेट्या बसवायच्या आहेत. करार नवा, दहा वर्षांचा. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून दोघांची संमती लागते. कंपनीकडून एक जण टॅबलेट घेऊन आला होता. चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही.

"अंकलजी, आपके भाईसाहब के मोबाइल पे एक ओटीपी जाएगा. वो बता देंगे, बस हो गया."

"और नहीं बताए तो?"

"तो नहीं होगा."

"पहले तो हो जाता था."

"पहले कैसे होता था, अंकल?"

मी त्याला अजून एक चहा विचारला.

तर तुझा नंबर पाहिजे. माझ्याकडे नाही. अर्ध्या रायपूरला मी सिमकार्डं विकली आणि सख्ख्या भावाचा नंबर माझ्याकडे नाही, हे त्या माणसाला सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही. पत्ताही नाही. कोणी म्हणतं तू दुबईला आहेस, कोणी म्हणतं सुरतेला. हे पत्र चित्राच्या माहेरी भंडाऱ्याला टाकतो, तिचे भाऊ पुढे पाठवतील.

माझं बरं चाललं आहे. पंडरीतलं दुकान चालू आहे, अजूनही 'दिवाकर टेलिकॉम'च. 'गिऱ्हेपुंजे टेलिकॉम' ठेवलं असतं तर इथल्या एकाही गिऱ्हाइकाला नाव घेता आलं नसतं, हे तूच म्हणाला होतास. सदर बाजाराच्या तोंडाशी आपला लाकडी एसटीडी बूथ होता, तेव्हा काचेबाहेर बसून मी माणसाच्या पाठीवरून सांगायचो की आत लग्नाचं बोलणं चाललं आहे की मरणाचं. तो कान अजून शाबूत आहे. आता त्याचा उपयोग फसवणुकीचे फोन ओळखायला करतो. काही वर्षांपासून एक नवीन धंदा निघाला आहे. परदेशातून एक घंटी देतात आणि कापतात. माणूस उलट फोन लावतो आणि त्याचे पैसे जातात. मी दुकानात खिळ्याला एक वही टांगली आहे. असा नंबर आला की मी ब्लॉक करतो आणि तारीख घालून वहीत उतरवतो. पंडरीतले कापडवाले येऊन वही बघतात आणि आपापल्या फोनवर ब्लॉक करतात. एकशे चौदा नंबर झालेत. एकही चुकलेला नाही. दुकानात बसून ही एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो.

नंबर कळव. कामापुरता.

दिवाकर

*

समता कॉलनी
९ फेब्रुवारी २०२५

उदय,

उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागत असेल. मीच लोकांना पोस्टापासून तोडलं, आता तक्रार कोणत्या तोंडानं करू.

निरंजन पुण्यात आहे. घराची काळजी तिकडून घेतो. दारावर कॅमेरा बसवला आहे. दूधवाला फाटकात आला की आधी पुण्याला कळतं, मग मला. स्वयंपाकघरात एक गोल डबा ठेवला आहे, त्याला हवामान विचारलं की सांगतो. बाकी काही विचारलं तर माफी मागतो. मनगटावर घड्याळ आहे, त्यात सिम आहे, ते माझी पावलं मोजतं. संध्याकाळी पोट्ट्याचा फोन येतो.

"पप्पा, आज सिर्फ चार सौ स्टेप?"

"काम नव्हतं बेटा."

"तबीयत ठीक है ना?"

"हव."

मराठी समजते त्याला, बोलत नाही. फोन झाला की डबा आपोआप बंद होतो, टीव्ही आपोआप बंद होतो. सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे म्हणे. खरंच असावं. घरात एवढ्या वस्तू एकमेकींशी बोलतात की मला मध्ये तोंड घालावं लागत नाही.

परवा घड्याळ नळाखाली निसटलं आणि बादलीत पडलं. त्याला वाटलं, मीच पडलो. त्यानं पुण्याला कळवलं आणि निरंजननं ज्या शेजाऱ्याचा नंबर देऊन ठेवला होता त्यालाही कळवलं. दोन मिनिटांत दारात कोण? साहूजी. बनियनवर, धापा टाकत.

"जिंदा हो?"

"हव."

"तो ठीक है."

आणि गेले. अठरा वर्षांनंतरचं पहिलं संभाषण. मी बादलीतून घड्याळ काढून पुसून ठेवलं, घातलं नाही.

एक गोष्ट सांगतो, हसू नको. तुझा जुना नंबर मी अधूनमधून लावतो. तू सोडल्यावर तो कंपनीनं दुसऱ्याला दिला. धमतरीकडे एक बाई आहे, शिवणकाम करते, मागे मशीन चालू असते. पहिल्यांदा म्हणाली, राँग नंबर. चौथ्यांदा म्हणाली, "भैया, आप फिर?" मी तिला खरं काय ते सांगितलं. आता ती माझा आवाज ओळखते. गेल्या रविवारी तिनंच विचारलं, "मिले क्या आपके भाई?"

"नहीं दीदी."

"मिल जाएँगे. इधर उनके लिए कोई फोन आया तो मैं आपको बता दूँगी."

मग तिनं मशीन थांबवलं. तिच्या वेळेचा मान ठेवून मी फोन ठेवला.

आपला इशारा आठवतो का तुला? नवीन राज्य झालं, शहरात मोबाईल आले, तेव्हा उचलला की मीटर पडायचं, म्हणून मी नियम केला. तू केबल जोडायला भाटापारा, महासमुंद, कुठंकुठं फिरायचास. एक घंटी म्हणजे पोहोचलो, ठीक आहे. मी उलट एक घंटी द्यायची, म्हणजे ऐकलं. दोन घंट्या म्हणजे तू लाव, मला बोलायचं आहे. तीन म्हणजे घरी ये, काही विचारू नको. तीन घंट्या आपण कधी दिल्या नाहीत. शांता म्हणायची, तुम्हा दोघा भावांनी कंपनीला एक पैसा न देता सगळा संसार बोलून घेतला.

शांता २२ एप्रिल २०२१ला गेली. तुला कळलं असेल. चित्राच्या माहेरी कळलं होतं, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं, म्हणून फोन आले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बूथच्या काळातली गिऱ्हाइकं, ज्यांची नावंही मी विसरलो होतो. एक मेला दहावा झाला. मी आणि निरंजन, दोघंच. भटजी व्हिडिओवर. मधूनच त्यांचा चेहरा थांबून राहायचा, तोंड उघडं, आणि आम्ही हातात पाणी घेऊन नेटवर्कची वाट बघायचो. डोक्यावर टॉवर असलेलं घर. तुझा फोन आला नाही. पंधरा वर्षं तिच्या हातचं जेवलास, उदय. तिला वहिनी म्हणण्याआधी ताई म्हणायचास. भांडण माझ्याशी होतं.

हे लिहायचं नव्हतं. कागद फाडून पुन्हा लिहायचा कंटाळा आहे, राहू दे.

दिवाकर

*

२ मार्च २०२५

उदय,

कंपनीचा माणूस परत आला होता. म्हणाला, या महिन्याअखेर संमती नाही मिळाली तर टॉवर उतरवणार. मी म्हटलं, भाऊ विचार करून राहिला. खोटं बोललो. तू विचार करून राहिला की नाही, मला काय माहीत.

कोड पाठवू नको. ते काम राहू दे. नुसता नंबर पाठव.

दा.

*

समता कॉलनी
२३ मार्च २०२५

उदय,

मी नाही म्हणून टाकलं. कंपनीला.

टॉवर उतरायला तीन दिवस लागले. वरून सुरू केलं, एकेक तुकडा दोरानं खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक गेला आणि मी वर चढलो. चार पायांच्या जागी चार चौकोन उरले आहेत, सिमेंटचे, त्यात बोल्टची भोकं. खालचं जनरेटर अठरा वर्षं गुरगुरत होतं, ते गेलं तेव्हा कळलं की कॉलनीला तिचे स्वतःचे आवाज आहेत. कोणाच्या तरी कुकरची शिटी. कोणीतरी सुनेला हाक मारतंय. मी वर बराच वेळ उभा होतो. पुण्याला कळलं असेल, आज पावलं जास्त झाली.

गंमत ऐक. फाइव्ह-जीची नवी पेटी आता साहूजींच्या गच्चीवर लागली. बारीकसा खांब. अठरा वर्षं आमच्याशी अबोला धरला त्यांनी. मी फाटकातून विचारलं, "भैया, और लहरें?"

"ये छोटा वाला है," म्हणाले. "इसमें कम निकलती हैं."

"किसने बताया?"

"कंपनी ने."

दोघंही हसलो. मग ते आत गेले, मी आत गेलो.

कलावती सकाळी पोळ्या करायला येते. ती म्हणाली, बाबूजी, अब छत खाली है, रखिया बरी डाल दूँ? मी म्हटलं, हव, टाक. आज गच्चीवर शांताच्या जुन्या साडीवर कोहळ्याच्या वड्या वाळून राहिल्या आहेत. इथलीच वडी, शांता इथल्या बायकांकडूनच शिकली होती.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते.

२००७च्या करारावर तुझी सही मी केली.

तुला हे माहीत आहे. पण मी कधी म्हटलं नव्हतं. लोकांना सांगितलं, गैरसमज झाला. शांताला सांगितलं, उदय आधी हो म्हणाला आणि मग फिरला. ती माझ्याकडे बघत राहिली होती. बूथच्या पावत्यांवर तू सही करायचास, 'उ'ची शेपटी लांब ओढून. पंधरा वर्षं बघितलेली, मला सहज आली. चित्राला सातवा होता. ती टॉवरला घाबरायची, तुला तिची काळजी होती, आणि मला वाटलं, विचारलं तर तू नाही म्हणशील. म्हणून विचारलंच नाही. पाया खणायला माणसं आली तेव्हा तुला कळलं. तू खोलीत येऊन एवढंच म्हणालास, "दादा, तू मले विचारलं असतं तं मी हव म्हटलं असतं." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "विचारून राहिलो असतो तर आजही बूथमध्येच बसलो असतो."

तू तिला घेऊन भंडाऱ्याला गेलास. मुलगा झाला, वेदांत नाव ठेवलं, हे मला एका दूरच्या लग्नात तिसऱ्या माणसाकडून कळलं. आता सतरा-अठराचा असेल. त्याच्याकडेही फोन असेल. सगळ्यांकडे असतो.

त्या टॅबलेटवाल्यानं विचारलं होतं, पहले कैसे होता था? असं व्हायचं.

आता ते शक्य नाही. आता ज्याची संमती, त्याच्याच खिशात कोड वाजतो. चांगलं झालं. थोडं आधी व्हायला हवं होतं.

गच्ची मोकळी आहे.

दादा

*

समता कॉलनी
२९ एप्रिल २०२५

उदय,

चित्राचं पत्र काल आलं. पाकिटावर ओमानचं तिकीट. म्हणजे दुबईही नाही आणि सुरतही नाही. भंडाऱ्याहून माझी चारही पत्रं तुला मिळाली. मी दारातच उभं राहून वाचलं, आणि कॅमेऱ्यानं पुण्याला कळवलं की पप्पा पंधरा मिनिटं दारात उभे आहेत. निरंजनचा फोन आला. मी त्याला म्हटलं, तुझ्या काकांचं पत्र आहे. तो म्हणाला, "काका?" मग म्हणाला, "वाचून दाखवा ना, पप्पा." मराठीत म्हणाला.

चित्राचं अक्षर अजून तसंच, ओळ सोडून वर चढणारं. तिनं जे लिहिलं ते इथं उतरवतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला बघता येईल.

"भाऊजी, हे इथं मस्कतले मोबाईलच्या टॉवरवरच काम करतात, सोळा वर्षं झाली. तुमचं ओटीपीचं वाचून हसले. सहीचं वाचून हसले नाहीत. म्हणाले, मले तवाच ओळखू आलं होतं, दादाच्या 'उ'ची शेपटी वर जाते, माझी खाली जाते. वहिनी गेल्याचं माहेराहून कळलं. त्या दिवशी यांनी दहा वेळा फोन हातात घेतला. बोलायची हिंमत झाली नाही. मग दहाव्याच्या दिवशी एक घंटी दिली. म्हणाले, दादाले समजते. तुमची उलट घंटी आली नाही. मग दर दिवाळीले आणि तुमच्या वाढदिवसाले एकेक देत राहिले. दिली की गॅलरीत जाऊन बसायचे, फोन मांडीवर घेऊन. मी म्हणायची, काहून बसता, त्यांनी ठरवलं आहे, समजून घ्या. वेदांत विचारायचा, बाबा कोणाची वाट पाहून राहिले? मागच्या दिवाळीले दिली नाही. म्हणाले, आता पुरे. मग जानेवारीत तुमचं पत्र आलं. चौथं पत्र येईपर्यंत हे काही बोलले नाहीत. काल म्हणाले, तू लिही, खाली नंबर लिही. घंट्या दिल्या तोच नंबर आहे, बदलला नाही."

आणि खाली नंबर.

मी नंबर बघितला. ९६८नं सुरू होतो. मग चप्पल घातली आणि पंडरीला गेलो. दुकानात गर्दी होती, एक जण कव्हर मागत होता, एकाचं सिम अडकलं होतं. मी कोणाशी काही न बोलता खिळ्यावरून वही काढली आणि घरी घेऊन आलो. कापडवाले म्हणाले, "भैया, कॉपी कहाँ ले चले?" मी म्हटलं, दुरुस्तीला.

हे पत्र तुला मिळायला पंधरा दिवस लागतील. तोवर मी थांबणार नाही. आज संध्याकाळी सहाला मी तुला तीन घंट्या देणार आहे. तीन, म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तिसऱ्या घंटीला कापेन, तू उचलू नको. उचललास तर मी काय बोलेन ते मला ठाऊक नाही, म्हणून जे बोलायचं ते आधी इथं लिहून ठेवतो. पहिल्यांदा कधीतरी मी तुला आधी विचारून राहिलो आहे: घरी येशील का? चित्राला, वेदांतला घेऊन. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. तो हक्क मी एकदा घेतला होता, तो परत करतो.

आणि एक घंटी आत्ता देऊन टाकली. दुपारी. चार वर्षं उशिरा. ऐकलं.

त्यासाठी तुझा नंबर आधी ब्लॉकमधून काढावा लागला. फोनमधल्या यादीत सापडायला वेळ लागला, यादी लांब आहे. वहीत मात्र लगेच सापडला. पान दुसरं, वरून तिसरी ओळ. पुढे माझंच अक्षर, तारखेसकट: १ मे २०२१, एक घंटी देऊन बंद, फ्रॉड.

दादा